वीतभर पाण्याचा बाथटब

मी एक बाथटब बोलतोय. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे फेस आणि गुलाबाच्या पाकळ्या आल्या असतील, तर त्या आधी बाजूला सारा. माझी एक बाजू ग्राइंडरने कापलेली आहे. मला भोवरा घालणारी मोटर नाही की सोन्याच्या रंगाचे नळ नाहीत. पाणी राहतं वीतभर. तरीही माझ्यासारखा टब अख्ख्या चोपडा तालुक्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती कापली गेली, ठोकायची सवय तेवढी राहिली.

माझा जन्म सुरतेकडच्या एका कारखान्यात झाला. आधी मी ॲक्रिलिकचा नुसता सपाट पत्रा होतो. भट्टीत तापवून मला पापडासारखा मऊ केला, साच्यावर ठेवला आणि खालून हवा ओढून घेतली. एका श्वासात सपाट माणसाला पोट यावं तसं मला पोट आलं. मग पाठीवर काचेच्या तंतूंचं अस्तर आणि चिकट रसायन थापलं. वरून मी दुधासारखा पांढरा, पाठीमागून खरबरीत आणि पिवळट. लग्नाला आलेल्या पाहुण्यांचं असतं तसं.

तिथून मी जळगावच्या एका दुकानात आलो आणि गोतावळ्यात पडलो. आमच्यातही जाती असतात बरं. ओतीव लोखंडाचा टब हा आमच्यातला पाटील. चार पायांवर उभा, अंगावर इनॅमलचा लेप. पाणी तासभर गरम ठेवतो, पण वजन असं की चार गडी लागतात आणि कच्ची फरशी असेल तर तिचा निकाल लागतो. निव्वळ फायबरचा टब स्वस्त आणि हलका, पण दोन-चार वर्षांत त्याची चकाकी उडते. तांब्याचा एक होता. त्याला लोक पाहायचे, त्याच्याजवळ फोटो काढायचे आणि घरी जाऊन बादलीने अंघोळ करायचे.

एक लाकडी गोल टब होता, पिंपासारखा, फळ्यांभोवती लोखंडी पट्ट्या ठोकलेला. तो सदा ओला राहिला तर ठीक. आमच्या खानदेशात मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात सुकून त्याच्या फळ्या अशा फाकल्या की दुकानदाराचं मांजर एकीकडून शिरून दुसरीकडून निघायचं.

भिंतीला टेकून जाकुझी बसायचा. त्याच्या अंगाला भोकं, भोकांतून पाण्याच्या धारा, पोटाखाली मोटर. विजेचा दाब कमी झाला की गडी बोबडा बोलायचा. त्याचाच मोठा भाऊ म्हणजे हॉट टब. लोकांना वाटतं मी आणि तो एकच. छे! माझ्यातलं पाणी एका अंघोळीनंतर सोडून द्यायचं. त्याच्यातलं पाणी आठवडेच्या आठवडे तेच, सतत तापवलेलं, गाळलेलं, औषध घातलेलं. तिथे चार-पाच जण गप्पा मारत बसतात, आणि आत शिरण्याआधी अंग धुवून यावं लागतं. म्हणजे अंघोळीला जाण्याआधी अंघोळ. श्रीमंतांचं सगळं असंच दुप्पट.

आणि कोपऱ्यात धूळ खात एक दारवाला टब होता. त्याच्या कुशीला चक्क दार. म्हाताऱ्या माणसाने दार उघडून आत जायचं, आतल्या बैठकीवर बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं. पाय उंच उचलायची भानगड नाही. फक्त पाणी उतरेपर्यंत बाहेर येता येत नाही. आम्ही सगळे त्याला हसायचो. मी जरा जास्तच.

एके दिवशी जीवरामनाना आले. चोपड्याच्या अलीकडचे केळीवाले. माणूस मायाळू, पण डोकं पावलांच्या मागून धावतं. त्यांची आई भागाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, न्हाणीत घसरून पडली होती. हाड वाचलं, गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, रोज गरम पाण्याने शेक द्या. नानांनी केळी निर्यातवाल्यांच्या बैठकीला गेल्यावर कुठल्याशा हॉटेलात टब पाहिला होता. झालं, आईला टबच घ्यायचा.

दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "नाना, आईसाठी ना? मग हा दारवाला घ्या."

नानांनी त्या दाराकडे असं पाहिलं, जसं शेततळ्याला कोणी खिडकी बसवली असावी. "टाकीला दार? अहो, आमची दार नसलेली टाकीसुद्धा गळते!"

"रबराची पट्टी असते त्याला."

"रबर उन्हात किती दिवस टिकतं ते मला सांगू नका. ठिबकच्या नळ्या बदलून बदलून आयुष्य गेलं." मग ते माझ्याजवळ आले. हात आत घातला, कोपरापर्यंत गेला तरी तळ लागेना. चेहरा खुलला. "हा कसा खोल आहे! खोल असलं म्हणजे पाणी जास्त मावतं, कमी उडतं."

शेततळं निवडावं तसा नानांनी आईसाठी टब निवडला. आईचा गुडघा किती उचलतो, हे कोणी विचारलंच नाही. मीही बोललो नाही. मला निवडलं याच गर्वात मी होतो.

केळीच्या गाडीत, खाली पानं अंथरून, मी गावात शिरलो. न्हाणीचं दार अरुंद निघालं म्हणून भिंत फोडली. नानांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, माझ्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. गल्लीतल्या बाया मला पाहायला आल्या. शेजारच्या भिकुबाई आत वाकून म्हणाल्या, "भागाअक्का, यामा भरीत कालवा, बठ्ठं गाव जेवी!"

मग भागाबाई आली. काठी टेकत, नऊवारी खोचलेली, नजर अशी की माझं पाणी नसतानाच थंड झालं.

"हाई काय शे? ढोरंसनी गव्हाण?"

"माय, यामा गरम पाणी भरीसन बसाचं," नाना म्हणाले.

"साचेल पाणीमा बसाचं? आपलाच मळ आपलाच आंगले? मी काय म्हैस शे?"

मला राग आला. आज वाटतं, बाईचं खरं होतं. ज्या माणसांना अंगावरून पाणी वाहिल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, त्यांच्या घरात मी साचलेलं पाणी घेऊन शिरलो होतो.

तरी मुलाचं मन मोडायला नको म्हणून ती एकदा तयार झाली. मला भरायला साडेतीनशे लिटर पाणी लागतं. घरच्या सोलरची टाकी दोनशेची. गरम पाणी अर्ध्यात संपलं. मग कोकिळाबाईंनी चुलीवर पातेली चढवली, आणि मी भरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. माझा काठ जमिनीपासून दोन फूट. भागाबाई लुगड्यासकट स्टुलावर चढली, एका बाजूने कोकिळाबाई, दुसऱ्या बाजूने भिकुबाई, आणि एकदाची आत आली.

पहिली पाच मिनिटं, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली सोन्याची. गुडघे पाण्यात गेले, तोंडावरची आठी सुटली. ती मान मागे टाकून म्हणाली, "वा गं बाई." मला वाटलं, जिंकलो.

मग तिला बाहेर यायचं होतं.

माझा तळ गुळगुळीत, बाजू घसरट, लुगडं भिजून मणभर जड. ती उठायला गेली की पाय पुढे, उठायला गेली की पुन्हा पुढे. दोघी बायांनी ओढून पाहिलं, दोघीच भिजल्या. शेवटी नानांना हाक गेली. नाना आले ते डोळे घट्ट मिटून. आईकडे बघायचं कसं, म्हणून मिटलेल्या डोळ्यांनीच चाचपडत पुढे झाले आणि कपाळ थाडकन नळावर आपटलं.

"उघड डोया!" भागाबाई ओरडली. "आंगवर लुगडं शे मना!"

गोधडी आणली, तिच्या पाठीखालून घातली, आणि केळीचा घड डाग न पडता उतरवावा तशी तिला उचलून बाहेर काढली. भिकुबाईंना हसू आवरेना. कोकिळाबाईही पदर तोंडावर धरून हसल्या. नानाही कपाळ चोळत हसले.

भागाबाई हसली नाही. नवरा गेल्यावर अठरा वर्षं जिने एकटीने केळी लावली, कापली, व्यापाऱ्यांशी भांडून भाव घेतला, ती बाई त्या दिवशी पोत्यासारखी उचलली गेली होती.

त्यानंतर मला कोणी अंघोळीला वापरलं नाही. उन्हाळ्यात माझ्यात बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजली. कुरडयांचा गहू तीन दिवस असा आंबला की जळगावच्या दुकानातला तांब्याचा टब हे पाहायला नाही, याचंच समाधान वाटलं. पाणी आठवड्यातून एकदा यायचं तेव्हा मी हौद व्हायचो. एकदा तर भिकुबाईंच्या नातवाचं कासव माझ्यात दोन दिवस मुक्कामाला होतं. त्याने तक्रार केली नाही, पण तेही बाहेर पडू शकलं नाही.

भागाबाईची अंघोळ माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर व्हायची. कोकिळाबाई घालायच्या. पडल्यापासून नानांनी न्हाणीची आतली कडीच काढून टाकली होती, पुन्हा घसरली तर दार तोडावं लागू नये म्हणून. सुनेचा हात मऊ होता, पाणी बेताचं होतं. तरी रोज भांडण.

"अक्का, पाठ तरी चोळू द्या."

"आठ्ठ्याहत्तर वरीस कोणी चोळी मनी पाठ? माले कोणी आंग धुवाले नको!"

मग ती अंघोळ टाळू लागली. आज ताप आहे, उद्या गारठा आहे, परवा डोकं जड आहे. स्वच्छ बाई, अंगाला वास यायला लागला तरी हट्ट सोडेना. कोकिळाबाई एकदा माझ्या काठावर बसून रडल्या. "मी वाईट आहे का हो?" त्या कोणाला विचारत होत्या कोण जाणे, पण न्हाणीत मीच होतो. त्या वाईट नव्हत्या. म्हातारीला दुसऱ्याचा हात नको होता, इतकंच. आतून बंद केलेलं दार आणि स्वतःचा तांब्या, एवढंच तिला हवं होतं.

एका दुपारी ती एकटीच आत आली. काठी भिंतीला लावली, माझ्या काठावर हात ठेवला आणि वितीने मला मोजू लागली. वरून खाली दोन विती उतरली. मग स्वतःचा पाय उचलून पाहिला, कितीसा उचलतो ते. कोनाड्यातली हळद बोटावर घेतली आणि माझ्या बाजूवर दोन उभ्या रेघा, खाली एक आडवी रेघ ओढली.

"जीवराम! याले काप."

नानांना वाटलं माय चळली. "माय, टबले कापं तर पाणी कोठे ऱ्हाई?"

"पाणीले नई ऱ्हावाचं, माले जावाचं शे. केळीमा पाणी सोडाले बांध फोडस का नई? तसा फोड."

माझ्या मनाची काय अवस्था झाली सांगू? टबाची बाजू कापायची म्हणजे टब संपला. मी ओरडलोही असतो, पण आम्हाला तोंड म्हणून दिलंय ते वर, आभाळाकडे उघडं.

चोपड्याहून रुपचंद आला. कूलरच्या फायबर टाक्या दुरुस्त करणारा कारागीर. हळदीच्या रेघा पाहून त्याने कान खाजवला. "नाना, वीस वर्षं भोकं बुजवतोय. पाडायला पहिल्यांदाच कोणी बोलावलं."

"तू काप भाऊ," भागाबाई म्हणाली, "रेघ मी मारेल शे."

ग्राइंडर चालू झालं. पांढरी धूळ उडाली, जळका वास सुटला, आणि माझ्या कुशीचा हातभर तुकडा फरशीवर पडला. दुधी चकाकीच्या आतलं माझं खरबरीत, पिवळट अंग पहिल्यांदाच उजेडात आलं. मला लाज वाटली. रुपचंदने कापलेल्या कडा रसायनाने गुळगुळीत केल्या, तळाला खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, भिंतीत पाइपाचा दांडा बसवला. खाली वीतभर उंबरा ठेवला. तो सामान आवरायला लागला तशी भागाबाई म्हणाली, "ड्रिल हातमा शेच, तर दारले आतून कडी लाव."

नाना म्हणाले, "माय, कडी नको."

तिने रुपचंदकडे पाहिलं. कडी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलरचं पाणी माझ्यात सोडलं, वीतभर. ती आत आली, कोकिळाबाईंना हाताने बाहेर लोटलं, आतून कडी लावली, दांडा धरला. एक पाय उंबऱ्यावरून आत. दुसरा पाय आत. माझ्यात ठेवलेल्या स्टुलावर बसली. गरम पाणी घोट्यांवर आलं. तिने तांब्या भरला आणि गुडघ्यांवर ओतला. मग खांद्यावर. पाणी वाहत होतं, जसं तिला हवं होतं तसं, आणि ते सगळं माझ्या अंगावरून जात होतं.

बाहेर नवरा-बायको दाराला कान लावून उभे. तांब्याचा आवाज थांबला.

"माय?" नाना म्हणाले.

मला दिसत होतं, ती पाठ चोळत होती. हात पुरत नव्हता, तरी चोळत होती.

"माय! बोल ना! कोकिळा, पहार आण!"

"जित्ती शे मी!" आतून कडाडली. "जा, केळीले पाणी सोड! बाईनी आंघोळ चालू शे!"

बाहेर नाना धपकन खाली बसल्याचा आवाज आला. हसले की रडले ते मला दिसलं नाही.

तेव्हापासून तिचा एकही दिवस अंघोळ चुकलेला नाही. उलट घरात आता एकच तक्रार आहे, अक्का एकदा आत गेली की तासभर निघत नाही. सून तिच्या आधी पहाटेच न्हाऊन घेते.

टब घ्यायला निघालेल्यांनो, ऐका. लोखंडाचा घ्या, फायबरचा घ्या, भोवऱ्याचा घ्या, पैसा तुमचा आहे. पण पाणी किती मावतं ते विचारण्याआधी, ज्याच्यासाठी घेताय त्याचा पाय किती उचलतो ते विचारा. मी विचारलं नाही, म्हणून अर्धी कूस देऊन शिकलो. आणि शिकल्याचं मला दुःख नाही.

आता आवरा तुम्ही. काठीचा आवाज येतोय, आणि ती आली की कडी लावते.