रॉससारख्या माणसासाठी कायदा

त्या शनिवारी डॅड आणि अंकल रॉस नेहमीसारखे आमच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळत बसले होते. दोघंही वॉशिंग्टनला खासदार. मतदारसंघ शेजारशेजारचे, आणि दोन्हीकडची निम्मी घरं पाणबुड्यांच्या कारखान्यावर चालणारी.

“एडी, तुझं ते बिल माझ्याकडे झोपलंय बरं का. अगदी गाढ,” अंकल रॉस डॅडना म्हणाले.

“घोरतंय का?”

“छे! गुणी बाळ आहे. तू पत्ता टाक.”

डॅडचं विधेयक साधं होतं: शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर खासदारांनी बाळगू नयेत. ते जायचं अंकल रॉस अध्यक्ष असलेल्या समितीकडे. तिथे कुणी नकार देत नाही. अध्यक्ष विषयच घेत नाही, सभागृहाची मुदत संपते, विधेयक आपोआप मरतं. डॅड ते पुन्हा मांडायचे.

अंकल रॉसकडे तसले शेअर होते. सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात तो विषय कुणी काढत नसे. माझ्या बाप्तिस्म्याला मला त्यांनीच कडेवर घेतलं होतं.

ते गेल्यावर भांडी विसळताना मी विचारलं, “राग नाही येत तुम्हाला?”

“रॉस चांगला माणूस आहे, मार्टा. म्हणून तर कायदा हवा. मत देताना आपला हात नेमका कशामुळे वर गेला, ते चांगल्या माणसालाही कळत नाही.”

रविवारी सकाळी डॅड उठलेच नाहीत.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, हॅम, बायकांनी घरून आणलेले केक. अंकल रॉस यांचे डोळे रडून सुजले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“पोरी, एडीची जागा तू लढव. अशा वेळी आधी घरच्यांनाच विचारतात. पक्षात मी बोललोय, तुझ्यासमोर कुणी उभं राहणार नाही.”

“आणि बिल?”

“ते जाऊ दे ना त्याच्याबरोबर. हट्ट होता त्याचा. आम्ही दोघं हसायचो त्यावर.”

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला लहानपणापासून ओळखणारं एवढं एकच माणूस आता उरलं होतं. मी तो हात थोडा वेळ तसाच राहू दिला.

“अंकल रॉस, तुमच्याकडे ते शेअर आहेत,” मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. “म्हणून तुम्ही ते दर वेळी मरू दिलंत. मी उभी राहीन. पण त्या बिलासकट.”