पोस्टमनच्या कोटाचं अस्तर

बारकीच्या आईचं मशीन त्या दिवसांत धड चाललं नाही, आणि त्यात मशीनचा काडीचा दोष नव्हता. टीप मारता मारता तिचा पाय थबकायचा आणि कान गल्लीकडे लागायचे. कुत्री भुंकली की तिच्या छातीत धडधडायचं, आणि भुंकली नाहीत तर त्याहून जास्त. मेली आता कुठे दबा धरून बसली असतील, या विचाराने ती उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन सुईत दोरा ओवायची, पुन्हा उठायची. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गल्ली तिला टेलरबाई म्हणायची; आपण बारकीची आईच म्हणू, कारण या गोष्टीत ती आधी तीच आहे.

घर गल्लीच्या टोकाला. पलीकडे कारखान्याची उंच भिंत, त्यामुळे बाहेर पडायचं तर एकच वाट, पोस्टमनकाकांच्या फाटकावरून. काकांनी उभी हयात लोकांच्या कुत्र्यांपासून पोटऱ्या वाचवत टपाल वाटलं होतं. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? त्याने स्वतःची दोन कुत्री पाळली. कुत्रीचं नाव तार. ती काटकुळी, कधी अंगावर येईल त्याचा नेम नाही. कुत्र्याचं नाव पार्सल. तो जाडजूड, आणि एकदा वाटेत बसला की हलायचा नाही. नावं शोधायला काकांना डोकं होतं, फाटकाला कडी लावायला मात्र नव्हतं.

शाळेतून येताना तारेने बारकीची पोटरी धरली. टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरून आली. बारकी मात्र घराबाहेर पडेना. सकाळी दप्तर भरायची, बूट घालायची, उंबऱ्यापर्यंत यायची, आणि तिथे तिचे पाय लाकडाचे व्हायचे. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, की पोरगी अशीच घरी बसली तर वर्ष वाया जाईल. पण आईला वर्षाची तेवढी धास्ती नव्हती. बारकी हल्ली म्हणायला लागली होती, "आई, मी घरीच राहते ना. मला तुझं काम शिकव." आणि खरंच ती मशीनशेजारी बसून लोकांचे कपडे उसवायची, इतक्या हलक्या हाताने की कापडाला कळायचंही नाही. गिऱ्हाइकं कौतुक करायची, लेक आईच्या हाताखाली तयार होतेय म्हणायची. ते ऐकलं की, ही पोर आता याच खोलीत, याच स्टुलावर म्हातारी होणार, असं तिला स्वच्छ दिसायचं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

ती काकांकडे गेली.

"काका, फाटक बंद ठेवत जा हो."

"अहो टेलरबाई, माझी कुत्री कुणाला काही करत नाहीत."

"माझ्या पोरीला टाके पडलेत."

"पळाली असणार ती. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. मला विचारा, मी अख्ख्या नोकरीत एकदाही पळालो नाही."

"मग तुम्हाला कुत्रं चावलं नाही कधी?"

"चावलं की! चिक्कार वेळा चावलं. पण पळालो नाही."

आता अशा माणसाशी काय बोलणार? ती नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने विचारलं, कुत्रं मोकाट आहे का पाळलेलं? पाळलेलं, म्हटल्यावर तो म्हणाला की मग मालकाशी बोला. बसचालक नवरा आठवड्याने घरी आला, काकांच्या फाटकाशी उभं राहून शिव्या देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी बस घेऊन निघून गेला. फाटक उघडं ते उघडंच.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," सासूबाई म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याशी डोकं नको लावूस. कुत्र्याचं शेपूट आणि त्याची अक्कल, दोन्ही नळीत घाल, वाकडीच निघतील."

थंडी सुरू झाली आणि एके सकाळी काका स्वतःच दारात उभे. हातात नोकरीतला जाडजूड खाकी कोट. लाजलज्जा काही नाही.

"अस्तर पार गेलंय, टेलरबाई. तेवढं नवीन घालून द्या."

कोट त्यांच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तिने कोट घेतला आणि अस्तराचा रंग जुळवायला तो हातावर टाकून दुकानाकडे निघाली. फाटकाशी आली मात्र, तार सुसाट अंगावर आली. हिचे डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडून बघते तर तारेने कोटात नाक खुपसलेलं आणि शेपूट हलतंय. पार्सल पायाशी लोळण घेत होता. जणू मालकीणबाईच आल्या.

दुकानात तिने काय घेतलं, कसं घेतलं, तिचं तिला ठाऊक. घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

तिच्या कामाचा एक नियम होता, आणि तो सासूबाईंनी घालून दिलेला. आधी हे मशीन त्यांचंच होतं. गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा ठेवून घ्यायची नाही. कापडाचं कातरण असो की उसवलेलं अस्तर, पुरचुंडी बांधून कपड्याबरोबर परत द्यायचं. आजवर तिने बोटभर कापड कुणाचं ठेवलं नव्हतं. त्या दुपारी सासूबाई आणि बारकी आत झोपल्या असताना तिने काकांचं जुनं अस्तर उसवलं. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं. तंबाखू, घाम आणि कुत्रं यांचा असा काही वास, की नाकातले केस जळावेत. त्यातला वीतभर तुकडा तिने कापला, बारकीचं जॅकेट खालच्या दुमडीला उसवलं, तुकडा आत सरकवला आणि तुरपाई घातली. नेहमीचे बारीक टाके काही पडले नाहीत.

कोट न्यायला आल्यावर काकांनी विचारलं, "जुनं अस्तर?"

"हे काय, सगळं आहे पुरचुंडीत," ती म्हणाली, आणि कान तापले तिचे.

बारकीला तिने दुसरंच सांगितलं. काकांनी कुत्र्यांना चांगला दम दिलाय, आता ती तुला हात लावायची नाहीत. आणि जॅकेट घालून जा, गारठा आहे. खरं सांगितलं असतं तर पोर निघाली नसती, असा तिचा हिशोब. बारकीने आईच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि निघाली. आई खिडकीत. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते तिला त्या सकाळी समजलं. तार धावत आली, जॅकेटपाशी थबकली, हुंगलं, बाजूला झाली. बारकी पांढरीफटक पडली होती, पण कोपऱ्यापर्यंत पोचली आणि वळली. आई तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. सासूबाईंना कांदा चिरत होते म्हणाली. घरात कांदा नव्हता.

तेव्हापासून बारकी शाळेत जायला लागली. मशीन पळायला लागलं, डाव्या बाह्या डावीकडे आणि उजव्या उजवीकडे बसायला लागल्या. पण आईला स्वस्थता नाही ती नाहीच. वास उडाला तर? जॅकेट पावसात भिजलं तर? रोज सकाळी पोर वळणाआड जाईपर्यंत ती खिडकी सोडायची नाही, आणि रोज संध्याकाळी जॅकेट खुंटीला लावायच्या निमित्ताने दुमड चिमटीत धरून बघायची. जाडी लागली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. चोरी केली होती आणि त्या चोरीच्या भरवशावर पोटची पोर कुत्र्यांसमोर पाठवत होती. हे कुणाला सांगणार? सासूबाईंना तर मुळीच नाही.

मग थंडी सरत आली असताना एक दिवस, बारकी नुकतीच दाराबाहेर पडलेली, तेवढ्यात सासूबाईंनी उशीत भरायला चिंध्या मागितल्या. आईने चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली. ढिगातून राखाडी पट्ट्यांचा तुकडा निघाला. वीतभर. कडेला तिच्याच त्या मोठाल्या टाक्यांची भोकं, एकेक दोरा अलगद ओढून काढलेला.

ती तुकड्याकडे बघत राहिली. काल संध्याकाळी तर दुमडीत जाडी लागली होती. मग तिथे काय आहे? आणि हा इथे कधीपासून आहे?

पुढचा विचार तिने केलाच नाही. गळ्यात टेप, पायात घरातल्या सपाता, हातात तुकडा, अशी ती गल्लीत धावत सुटली. बारकी फाटक ओलांडून पुढे गेलेली होती, पाठमोरी, सावकाश चालत.

"बारके! थांब! बारके!"

काकांचं एक म्हणणं खरं होतं. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. तार फाटकातून बाणासारखी सुटली आणि तिने आईच्या गाऊनची कड पकडली. पार्सल पुढून आडवा आला. हातातला तुकडा तिने त्यांच्यापुढे नाचवला, पण महिनोन्‌महिने चिंध्यांत पडलेल्या कापडाला कसला आलाय वास? गाऊन गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटला. तिने किंकाळी फोडली.

"तार! सोड!"

बारकी परत येत होती. धावत नव्हती. दप्तर छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत येत होती आणि तिचा आवाज थोडा कापत होता.

"सोड म्हटलं ना! पार्सल, मागे हो."

तारेने गाऊन सोडला. गुरगुरत राहिली, पण सोडला. बारकीने आईचा दंड धरला आणि तिला फाटकापासून पुढे, कोपऱ्यापर्यंत नेलं.

"लागलं का कुठे?"

आईने हातातला तुकडा पुढे केला.

"माहितीये मला," बारकी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात काढला मी तो. घाण वास यायचा, आई. वर्गात सगळे नाक दाबायचे."

"आणि आत? रोज तर लागतं हाताला."

"उशीच्या अभ्र्याची घडी घातलीये. तू रोज दाबून बघायचीस ना, म्हणून."

"मग गं? कुत्री?"

"आधी खूप अंगावर यायची. तुला खिडकीतून वाटायचं, हुंगतायत. मी उभी राहायचे गप्प. मग कंटाळून जायची."

"अगं पण तुला भीती नाही वाटली?"

"वाटते की. रोज वाटते." बारकीने आईच्या फाटलेल्या गाऊनकडे बघितलं. "पण तू खिडकीत उभी असायचीस. मी परत फिरले असते तर तुझं काय झालं असतं?"

आईला लाज वाटली, आणि अभिमान वाटला. आपण पोरीला राखतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. पोर रोज सकाळी एकटी, थरथरत, आईला सांभाळत या फाटकावरून चालत गेली होती.

काकांच्या खिडकीतून साबण लावलेलं अर्धं तोंड बाहेर आलं. "कोण पळालं?"

"मी पळाले!" आई ओरडली. "आणि कडी लावा त्या फाटकाला! नाहीतर पुढच्या वेळी कोट आलात घेऊन, तर दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकीन!"

"आलो, आलो," म्हणत तोंड आत गेलं. कुणी आलं नाही.

"आई, घंटा होईल आता," बारकी म्हणाली. "तू घरी जा."

आईने गल्लीकडे बघितलं. घर त्या टोकाला, मध्ये उघडं फाटक, आणि फाटकाशी तार उभी, कान ताठ. तिचे पाय जागचे हलेनात.

"तू ये ना सोबत."

"उशीर होतोय मला. हळू जा, पळायचं नाही. मी इथे उभी आहे. तू दारात पोचलीस की मगच जाते."

बारकीची आई निघाली. फाटका गाऊन एका हाताने धरून ती चालायला लागली. फाटकाशी आली तशी तार पुढे झाली आणि दात दाखवून गुरगुरली. ती थांबली.

"तिच्याकडे बघू नकोस, आई," मागून आवाज आला. "चल पुढे."

ती पुढे चालायला लागली.