जानेवारीचं बाळ

सकाळची पाळी होती, तरी बाटल्यांच्या कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला अजून घरातच घुटमळत होता. बायकोचे दिवस भरत आले होते आणि डिसेंबरचे दोन दिवस अजून जायचे होते. ती गॅलरीत कपडे वाळत घालायला उभी राहिली, तशी त्यानं धावत जाऊन बादली हिसकावून घेतली.

"अगं, हात वर करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? मी घालतो ना."

एरवी स्वतःचा रुमालही न धुणारा हा माणूस महिनाभर बादल्या उचलत होता. शेजारच्या बायका त्याचं तोंड भरून कौतुक करत. त्याच्या बायकोला मात्र पक्कं ठाऊक होतं, की तो तिला जपत नाही, तारखेला जपतोय.

खाली जिन्यापाशी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा भिंतीवर चेंडू मारत होता. त्याला सगळे बारक्या म्हणत.

त्या गावातल्या पोरांना कारखान्याच्या भट्टीपासून सुटायची एकच वाट होती, टेकडीखालचं फुटबॉल केंद्र. तिथे निवड झाली की राहणं, जेवण, शाळा सगळं केंद्र बघे. एका वर्षात जन्मलेली मुलं एका संघात, असा तिथला नियम, आणि वर्ष मोजायचं एक जानेवारीपासून. ऐकायला किती सरळ! पण जानेवारीतला आणि डिसेंबरातला समोरासमोर उभे केले, तर एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा. त्या वयात वर्ष म्हणजे काय चीज असते, ते घरात वाढतं पोर असलेल्या माणसाला सांगायला नको. त्यात एखाद्याला लवकर मिसरूड फुटलं असेल तर विचारूच नका. निवड करणारे धिप्पाड मुलांना गुणी म्हणत. मग त्यांना चांगलं मैदान, चांगले बूट, चांगला शिक्षक मिळे आणि ती खरोखरच गुणी होत. उरलेल्यांच्या आयांनी पोरांना जास्तीचं दूध पाजावं आणि देवाला दोष द्यावा.

हा नियम बदला, असं गावात कुणी म्हणालं नाही. त्याऐवजी गावानं बायकांना वेठीला धरलं. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला सासवा महिने मोजून दाखवू लागल्या. वर्षअखेरीला पोटुशी बाईला पायाखाली उशा देऊन झोपवून ठेवायची रीत पडली. त्या रीतीला 'धरून ठेवणं' म्हणत. जिनं धरून ठेवलं ती पाणवठ्यावर मान वर करून बोले, जिला जमलं नाही ती जन्मभर टोमणे खाई.

बारक्याच्या आईनं ते खाल्ले होते. बारक्या डिसेंबर सरता सरता जन्मला होता. चेंडू त्याच्या पायाला माणसाळलेल्या मांजरासारखा चिकटून असे. पण निवडीच्या दिवशी ओठांवर काळी रेघ उमटलेल्या एका दांडग्या पोरानं त्याला खांद्यानं असं काही ढकललं, की तो कुंपणावरच जाऊन आदळला. फोर्कलिफ्टवाला कुंपणाबाहेर उभा होता. प्रशिक्षक त्याच्याजवळ आले.

"खेळ सुरेख आहे हो मुलाचा," ते म्हणाले. "पण अंग नाही. जानेवारीत जन्मला असता ना, तर डोळे मिटून घेतला असता मी."

बिचारे समजूत घालायला म्हणून बोलले. पण ते वाक्य बापाच्या काळजात रुतून बसलं. दुसरं होईल ते जानेवारीतच होईल, असं त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आणि आता बादली उचलून तो वळला, तर बायको गॅलरीच्या दारात चौकटीला धरून उभी होती. पायाखालची फरशी ओली झाली होती.

"अहो, पाणी गेलं माझं. दवाखान्यात चला."

त्याची आई आतून पदराला हात पुसत आली.

"कळा आहेत का सूनबाई?"

"नाहीत अजून."

"मग झालं तर. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पडून राहा गुपचूप."

"आई, पाणी गेल्यावर कुणी थांबतं का?"

"गावातल्या निम्म्या बायका थांबल्यात. तू काय जगावेगळी आहेस?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशी पुसायला खाली बसला होता. "तिथे गेलं की ते लगेच मोकळी करतात गं," तो फडक्याकडे बघत म्हणाला. "आपलं थोडंच ऐकणार? बारक्याचं काय झालं ते पाहिलंस ना तू? आणखी एकाचं तसंच करायचं का?"

ती झोपली. पायाखाली तीन उशा दिल्या. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी तिचं अंग तव्यासारखं तापलं. म्हातारीनं कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि अंगातली कडकी आहे म्हणाली. बाप उशाशी बसून घड्याळाकडे बघत होता. मनातून तो पुरता हादरला होता, पण आता इतकं काढलंय तर थोडक्यासाठी कशाला, असं स्वतःलाच समजावत होता. जगात अशा समजावण्यानं जेवढी माणसं मेलीत, तेवढी रोगानं मेली नसतील.

दुपारी बारक्या खोलीत आला. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण एवढ्याशा घरात काय लपतं? तो आईच्या पायाशी बसला आणि सरकलेली उशी त्यानं नीट केली.

"आई, थोडं थांबव ना त्याला," तो म्हणाला. "आजचाच दिवस. नाहीतर तो माझ्यासारखा होईल. मग तुम्हाला किती वाईट वाटेल."

पोराच्या आवाजात रुसवा नव्हता. तो अगदी मनापासून मदत करत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

आईनं उशा लाथेनं खाली ढकलल्या. भिंतीला धरून ती उठली.

"सूनबाई!"

"बाजूला व्हा. माझ्या एका लेकाला तुम्ही सगळ्यांनी मिळून उणा ठरवलंत. तेवढं पुरे झालं." नवऱ्याकडे न बघता ती दाराकडे निघाली. "तुम्ही येणार नसाल तर चालत जाते मी."

तेव्हा कुठे तो भानावर आला. धावत शेजारच्या रंगाऱ्याकडे गेला. रंगाऱ्याची छोटी व्हॅन होती. दाराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढून देताना रंगारी हळहळला, "अरेरे, आजची रात्र निघाली असती तर बरं झालं असतं." त्याला उत्तर द्यायला हा थांबला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "काल का नाही आणलंत?" दवाखाना गाडीनं जेमतेम दहा मिनिटांवर होता.

अंधार पडायच्या आत बाळ झालं. मुलगा. रडला नाही, नुसता कण्हला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आईच्या अंगातला ताप त्याच्याही अंगात उतरला होता. बाहेर लोक नव्या वर्षाच्या तयारीला लागले होते. बारक्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"बाबा, आजच आला हा? म्हणजे माझ्यासारखाच."

बारक्या काचेजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, "घाबरू नकोस हं. बारकं असलं की कसं खेळायचं ते मला येतं. मोठ्यांना पटकन वाकता येत नाही. त्यांच्या पायातून काढायचा चेंडू. मी शिकवीन तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. ज्या तारखेला यावं म्हणून त्याला कोंडून ठेवलं होतं, त्या तारखेला ते गेलं.

बायकोनं आकांत केला नाही की नवऱ्याला दोष दिला नाही. कित्येक आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एकदा जेवण वाढताना म्हणाली, "बारक्याला एकदा तरी सांगा, तो वेळेवर आला होता म्हणून." सांगायला तो दोनदा मुलाजवळ जाऊन बसला, पण कोणत्या तोंडानं सांगणार?

तो प्रशिक्षकांकडेही गेला. त्यांना सगळं सांगितलं.

"मला कळत नाही का?" ते म्हणाले. "पण वर्षाअखेरीला मला कप दाखवावा लागतो. बारकी पोरं घेऊन हरलो, तर माझ्या जागी दुसरा येईल. आणि तोही धिप्पाडच घेईल."

म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. केंद्राची नाही, गावाची नाही, सासवांची नाही. फक्त एका खड्ड्यात एक बाळ होतं.

पुन्हा डिसेंबर सरत आला. तो कामावरून येत होता, तर रंगाऱ्याच्या घरातून कण्हण्याचा आवाज आला. दार उघडंच होतं. रंगाऱ्याची बायको जमिनीवर आडवी होती आणि तिचे पाय उशांवर होते. बारक्याची आई तिच्या डोक्याशी बसून रंगाऱ्याला विनवत होती. बारक्या दारात उभा होता, पांढराफटक.

रंगारी कानकोंडा होऊन म्हणाला, "दादा, तुम्हीच सांगा वहिनींना. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

फोर्कलिफ्टवाल्यानं वाद घातला नाही. खिळ्यावरची किल्ली काढली, खाली जाऊन व्हॅन सुरू केली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. खिडक्या उघडल्या, दारं उघडली, सगळी गल्ली बाहेर आली, तरी त्यानं हात काढला नाही. इतक्या डोळ्यांसमोर रंगाऱ्याला बायकोला अडवून धरता येईना. शेवटी तो तिला आधार देत खाली घेऊन आला. मागे रंगाच्या डब्यांमध्ये रंगारी आणि दोघी बायका बसल्या, पुढे बापाशेजारी बारक्या.

वळणावर बारक्यानं विचारलं, "बाबा, आज अजून डिसेंबरच आहे ना? मग हे बाळही चुकीच्या वेळी आलेलं होईल."

बापानं रस्त्यावरून नजर काढली नाही. वर्षभर घशात अडकून बसलेलं आता बाहेर आलं.

"नाही रे बाळा. ते वेळेवर येतंय. तूही वेळेवरच आला होतास."