खुर्च्यांची वरात

"मावशी, पाय वर! बदक आडवं आलंय!"

योरिसने सायकल अशी काही वळवली, की मागच्या कॅरिअरवर बसलेल्या ट्रूसमावशीने त्याच्या कमरेला मिठी मारून किंकाळी फोडली, आणि पूल संपायच्या आत किंकाळीचं खिदळणं झालं. सत्तरी ओलांडलेली बाई, परवाच कॅनडाहून उतरलेली, आणि आज हॉलंडमधल्या लायडनच्या कालव्याकाठाने भाच्याच्या सायकलवर पाय सोडून बसलेली. वाटेत बाजारात शेपटीला धरून कांद्यासकट हेरिंग मासळी खाल्ली होती. एकीने भागलं नाही म्हणून आणखी एक. अंगात नुसतं वारं संचारलं होतं तिच्या.

आज थोरल्या बहिणीचा, म्हणजे योरिसच्या आईचा, डीनीचा वाढदिवस. ट्रूस लग्न करून समुद्रापार गेली, ते डीनीला कधी पचलंच नाही. फोनवर ती हवापाण्याचं बोले आणि ठेवून देई. आता डीनीचा नवरा गेला होता. "येऊ का?" असं ट्रूसने विचारलं, तर म्हणाली, "कशाला उगाच?" म्हणून या वेळी ट्रूस न विचारताच आली होती. तीही अशा गावात, जिथे पोटच्या पोरालासुद्धा आईकडे जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते!

"तोंडावर दार लावलं तिने, तर रे?"

"तर खिडकीतून जा. पडदे कुठे आहेत खिडकीला?" योरिसने गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवलं. "मी केक घेऊन येतो. निळं दार, खिडकीत पताका. सकाळी मीच लावल्यात."

गल्लीत सगळी घरं एकसारखी. निळी दारं दोन निघाली, पण पताका एकाच खिडकीत होत्या. दार नुसतं लोटलेलं. आत गोलाकार मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांत दाटीने बसलेली माणसं. पुढचं ट्रूसला झोपेतही जमलं असतं. इथे वाढदिवस एकट्याचा नसतो. आई, मेहुणा, शेजारीपाजारी, सगळ्यांचंच अभिनंदन करायचं असतं. तिने एका टोकापासून सुरुवात केली.

"अभिनंदन!"

"तुमचंही!"

ही कोण, असं कुणी विचारलं नाही. डावीकडच्यांना ती उजवीकडच्यांची वाटली आणि उजवीकडच्यांना डावीकडच्यांची. कुणीतरी तिला बसवलं, कॉफी दिली, बिस्किट दिलं आणि दुसरं उचलायच्या आत डबा मिटला. बहिणीचा हा गोतावळा पाहून ट्रूस हरखून गेली.

"पण डीनी कुठेय?" तिने शेजारच्या मिशाळ माणसाला विचारलं. त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट होता.

"कोण डीनी?"

"अहो, जिचा वाढदिवस आहे ती!"

"बाई," तो म्हणाला, "वाढदिवस माझा आहे."

कॉफी ट्रूसच्या नाकात गेली. आधी तीच हसली, मग सगळं घर हसलं. त्या मिशाळ वाउटरची बायको आन्के डोळे पुसत म्हणाली, "शेजारच्या डीनीकडे आलात होय? अहो, या पताकाही तिच्याच! सकाळी आणून दिल्या. म्हणाली, तुम्हालाच लागतील, माझ्याकडे कोण येणार आहे?"

हसणं जागच्या जागी थांबलं. ट्रूसला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

वाउटरने मुकुट सारखा केला. "उठा. आपापली खुर्ची उचला."

"असं न सांगता जायचं?" त्याचा मेहुणा चाचरला. "वेळ कुठे ठरवलीय?"

"ठरवली की. आत्ताची!"

आणि वरात निघाली. कुणाच्या डोक्यावर खुर्ची, कुणाच्या गळ्यात पताका. वाउटरची म्हातारी आई तर आपल्या चाकांच्या आधारगाडीवर कॉफीचा थर्मास ठेवून सगळ्यांच्या पुढे. केक घेऊन परतलेला योरिस सायकलवरून पडता पडता वाचला.

डीनीने दार उघडलं. तिने खुर्च्या पाहिल्या, मग ट्रूसला पाहिलं.

"फोन करायचास."

"नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." दार तिने हातात घट्ट धरलं होतं.

कुणी हलेना. म्हातारीला मात्र ताटकळणं जमणारं नव्हतं. तिने ट्रूसचा हात हातात घेतला. "अभिनंदन हो, बहिणीचा वाढदिवस." मग वाउटर पुढे झाला, मग आन्के, मग तो मेहुणाही. कॅनडात इतकी वर्षं गेली, डीनीच्या वाढदिवसाला ट्रूसचं अभिनंदन एकदाही कुणी केलं नव्हतं. बहीण जन्मली हे आपलंही भाग्य, हे तिथे कुणाला सुचणार? ती उंबऱ्याबाहेर उभी राहून हात मिळवत होती, रडत होती आणि हसत होती.

डीनी बघत राहिली. मग तिने दार सोडलं आणि रांगेत शेवटची असल्यासारखा आपला हात पुढे केला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीचा वाढदिवस आहे. पाय पूस आणि आत ये. कांद्याचा वास मारतोय तुझ्या तोंडाला."