दोराच्या गाठी

वस्तीची विहीर सांभाळता सांभाळता पंपवाल्याची एकवीस वर्षं गेली होती. रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी तो दगड बांधलेला, गाठी मारलेला दोर आत सोडायचा. पाण्यापर्यंत किती गाठी कोरड्या राहिल्या ते मोजायचा आणि वहीत लिहायचा. समोरच्या शिवणवाल्या काकू तर, "अरे, आज किती रे?" असं विचारल्याशिवाय मशीनवर बसत नसत. ह्याला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण तीन उन्हाळ्यांमागच्या गाठी तोंडपाठ, अशी त्याची चेष्टा व्हायची.

शेजारच्या माळावर चौदा मजल्यांच्या नऊ इमारती येणार म्हटल्यावर त्याच वहीला भाव आला. तिथे खोल बोअर मारले की विहीर आटणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण दर उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, याचा लेखी पुरावा त्या वहीशिवाय कुठेच नव्हता. विरोध समितीचा अध्यक्ष होता पंपवाल्याचा सख्खा थोरला भाऊ. इमारतींच्या परवानगीवर सुनावणी होती; तिच्या आठ दिवस आधी दादा घरी आला, चहा प्यायला आणि वही काखेत मारली. वही समितीला सोपवल्याचा कागद आहे, म्हणत त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पंपवाल्याने चष्मासुद्धा शोधला नाही. ज्याने हात धरून सही गिरवायला शिकवली, त्याच्यासमोर वाचत कोण बसतो?

सुनावणीला अख्खी वस्ती कामधंदा सोडून आली. दादाला म्हणे ताप होता. साहेबांनी फाइल उघडली. तिच्यात वही नव्हतीच, तो कागद होता. विहिरीला बारा महिने भरपूर पाणी असतं आणि नव्या घरांना आपली हरकत नाही, असं विहीर सांभाळणाऱ्याने त्यात लिहून दिलं होतं.

"सही तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

शेवटच्या अक्षराच्या वेलांटीसकट सही त्याचीच होती.

"माझीच आहे," तो म्हणाला. कागद वाचला नव्हता, हे पुढचं वाक्य मागच्या गलक्यात कुणाच्या कानांपर्यंत गेलंच नाही.

संध्याकाळी तो तडक दादाकडे गेला. ताप आलेला माणूस पोटभर जेवत बसला होता.

"इमारती होणारच होत्या," दादा मान वर न करता म्हणाला. "मी निदान दोन घरं पदरात पाडून घेतली. एक तुझ्या नावावर आहे."

परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून तो मोकळा झाला असता. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता आणि वर त्याचाच वाटाही काढून ठेवला होता. त्याला रडू आलं आणि त्या रडण्याचीच लाज वाटली. तो तसाच घरी परतला.

सकाळी दोर खांद्यावर टाकून तो विहिरीवर गेला, तर काकू आधीच कठड्याशी वाकल्या होत्या. कपडे वाळत घालायच्या दोरीला दगड बांधून त्यांनी ती आत सोडली होती. गळ्यात शिवणकामाची टेप होती.

"काकू, मी बघतो की."

"राहू द्या तुम्ही," काकू म्हणाल्या. एकवीस वर्षांत त्यांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "आता आमचं आम्ही मोजू."

त्यांनी दोरी वर ओढली, कोरड्या भागाला टेप लावली आणि आकडा खडूने कठड्यावर लिहू लागल्या. तो वाचायला पुढे झाला, तशी त्यांनी त्यावर हात ठेवला.