तीन निरोगी दाढा

नागोजीनं तोंड मिटलं. नुसतं मिटलं नाही, ओठांवर ओठ घट्ट दाबले, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला.

दातांचे डॉक्टर शेषगिरी चिमटा घेऊन उभे राहिले ते उभेच. त्यांच्या खुर्चीत बसून लोक ओरडले होते, एक-दोघं बेशुद्धही पडले होते, पण तोंड उघडायचंच नाही असं आजवर कुणी केलं नव्हतं. आणि करणारा कोण, तर वरच्याच मजल्यावरचा, प्रयोगशाळेतला शिपाई.

"ही दाढ चांगली आहे सर," नागोजी म्हणाला. "ही मी देणार नाही."

चांगली-वाईट कोण ठरवणार, तू की मी, असं शेषगिरींनी विचारलं. खालच्या तीन काढल्या तरी उजवी बाजू दुखतेच आहे, म्हणजे कीड वरच्या दाढेत असणार. तिथं नसेल तर मग कुठंच नाही, सगळे मनाचे खेळ. त्यांनी चिमटा ताटलीत टाकला आणि पुढच्या गुरुवारची मुदत दिली. मुकाट्यानं दाढ काढून घ्यायची, नाहीतर कार्डावर शेरा पडेल: आजार नाही, ढोंग आहे.

त्या शेऱ्याचा अर्थ नागोजीला पुरता ठाऊक होता. ढोंगी माणसाला कापाच्या यंत्रावर कोण बसवील? त्याला फाटकावर उभं करतात.

आणि यंत्र हे नागोजीचं सर्वस्व होतं. त्याचे पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आले. घराण्यातली तलवार कुठं गेली ते देव जाणे, नागोजीच्या वाट्याला हे पातं आलं होतं. मेणात घट्ट केलेल्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. वीस वर्षं तो हेच करत होता. मेंदू जिथं खाली निमुळता होत मानेत उतरतो, त्या भागाला तो मेंदूचा देठ म्हणायचा. असा देठ अखंड, न चुरगळता कापावा तो नागोजीनंच, हे बासष्ट साली त्या मेडिकल कॉलेजात सगळे मानत. त्याचा शब्द मात्र कुणी मानत नव्हतं.

घरी अंबूबाई रागीची अंबील घेऊन वाट बघत बसली होती. बसवनगुडीच्या जत्रेतून आणलेल्या शेंगा दोन आठवडे तशाच पडल्या होत्या. शेंगदाण्यावर जीव असलेला हा माणूस, आता त्याला कूट करून द्यावं लागायचं, आणि तेही गिळताना कानापर्यंत कळ जायची.

"काढून टाका की एकदाची," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर आहेत ते. सरी, बरं, म्हणायचं नि मोकळं व्हायचं."

"तीनदा सरी म्हटलं, अंबू. आता नाही."

मग तो उठला आणि कोनाड्यातली काचेची बाटली घेऊन दारातल्या उजेडात बसला. आतल्या तिन्ही दाढा त्यानं स्वतः मागून घेतल्या होत्या, धुतल्या होत्या, कॉलेजातल्या भिंगाखाली उलटसुलट पाहिल्या होत्या. एकीलाही कीड नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीन वेळा. आणि ओरडायचं कुणाच्या नावानं? आपलेच दात नि आपलेच ओठ.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर विमलांनी त्याला प्रयोगाला मदतीला बोलावलं. या विमलाबाई वयानं लहान, पण कामाला वाघीण. त्यांच्याही घरी मराठीच, म्हणून त्या त्याला नागोजीअण्णा म्हणत आणि तो त्यांना अम्मा. टेबलावर गुंगी दिलेलं मांजर होतं. त्याच्या मेंदूच्या देठात केसासारखी सुई होती आणि सुईची तार एका कर्ण्याला जोडलेली. सुईच्या टोकाशी असलेली पेशी जागी झाली की कर्णा कडकडे.

विमलाबाईंनी मांजराच्या दाताला सळई लावली. कडकड झाली. मग कानापुढचा जबड्याचा सांधा दाबला. पुन्हा तीच कडकड.

"दुसरी पेशी का अम्मा?"

"नाही अण्णा, तीच. सुई हलवलेलीच नाही. दाताचा निरोपही तिच्याकडेच येतो, सांध्याचाही तिच्याकडेच."

नंतर त्यांनी सांध्यात सूज आणणारं औषध टोचलं. तासाभरानं गालावरून नुसता कापसाचा बोळा फिरवला, तर कर्ण्यातून फुटाणे फुटल्यासारखा आवाज सुरू झाला आणि बोळा उचलल्यावरही थांबेना. बाई सांगत होत्या की सांधा सुजला की ही पेशी चिडते, मग तिला वाराही सोसत नाही.

नागोजीचा हात आपसूक गालावर गेला. दाढी करताना वस्तरा नुसता टेकला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गेली दोन वर्षं जे तो सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं, ते आज खोलीभर ऐकू येत होतं. त्याला रडू फुटलं. ते त्यानं लपवलं नाही.

आणि मग त्याला सायकल आठवली. दोन वर्षांपूर्वी चिकपेटात कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी आली, तो हनुवटीवर आपटला, चार टाके पडले. टाके सुकले आणि सगळे ते विसरले, तोसुद्धा. जबडा तेव्हापासून कटकट वाजत होता.

विमलाबाईंनी सगळं ऐकलं आणि लगेच कागद ओढला. शेषगिरींना दोन ओळी लिहिते म्हणाल्या. नागोजीनं कागदावर हात ठेवला.

"नको अम्मा. तुम्ही लिहिलंत तर ते तुमचं ऐकतील. मी खोटा तो खोटाच राहीन. माझ्या तोंडाचं मी बोलतो."

गुरुवारी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. खिशात बाटली होती आणि रुमालात गुंडाळलेली एक काच. खुर्चीभोवती पाच-सहा विद्यार्थी उभे होते. हट्टी रोगी कसा हाताळावा, हा त्या दिवशीचा धडा होता.

शेषगिरींच्या घरी मराठी, पण दवाखान्यात ते कन्नडच बोलत. नागोजी खुर्चीत बसला, पण पाठ टेकली नाही.

"आज मराठीत बोलतो सर. दुखणं घरच्याच भाषेत नीट सांगता येतं."

मराठी कळणारे दोघं-तिघं होते, त्यांतलं कुणीतरी हसलं. त्यानं काच उजेडात धरली.

"हा देठाचा काप, मीच कापलेला. दाताची तार इथं येते, जबड्याच्या सांध्याची पण इथंच. आमच्या वठारात आठ बिऱ्हाडं, दार एक. कडी वाजली की आतल्याला कळतं, कुणीतरी आलंय. कोण, ते दिसत नाही. मग तो नेहमी येणाऱ्याचंच नाव घेतो. माझ्या डोक्यानं दाताचं नाव घेतलं सर, आणि तुम्ही ते खरं धरलंत."

त्यानं बाटली ताटलीत चिमट्याशेजारी ठेवली.

"या तिघींत कीड दाखवा. दाखवलीत तर चौथी आत्ता काढा."

विद्यार्थी आता हसत नव्हते. शेषगिरींचा चेहरा लाल झाला होता. नागोजीला बाहेर काढावं तर डॉक्टर हरले असं मुलांना वाटणार. त्यांनी बाटली उचलली, भिंग लावलं, फार वेळ पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

"इथं बोट ठेवा सर," कानापुढची जागा दाखवत नागोजी म्हणाला. "दोन वर्षं सगळे तोंडात बघतात. इथं अजून कुणी हात लावला नाही."

शेषगिरींनी बोट ठेवलं. नागोजीनं तोंड हळूहळू उघडलं. आतून कट् झालं आणि त्याचे डोळे गच्च मिटले. शेषगिरींनी बोट काढलं नाही.

"पुन्हा," ते मराठीत म्हणाले. "स्वल्प सावकाश."

त्यांनी कार्डावर लिहिलं: जबड्याचा सांधा. शेक, मऊ अन्न, जांभई देताना हनुवटीखाली हात. माफी मागितली नाही. दाढ मात्र राहिली, आणि नागोजी यंत्रावर राहिला.

दुखणं काही गेलं नाही. कमी झालं, थंडीत अजून यायचं. शेंगदाणे तो डावीकडून खायला शिकला, एकेक करून, पण अख्खे.

बाटली त्यानं घरी नेली नाही. विभागातल्या फडताळात मेंदू, काळजं, मूत्रपिंडं ओळीनं मांडलेली होती, प्रत्येकावर नाव आणि मृत्यूची तारीख. त्यांच्यातच त्यानं ती ठेवली आणि छापल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी डकवली. ही इथं कशाला, असं विचारणाऱ्याला तो चिठ्ठीकडे बोट दाखवी.

पुढच्या उन्हाळ्यात शेषगिरी कशासाठी तरी वर आले आणि फडताळापाशी थांबले. नागोजी यंत्रावर होता. त्यानं पातं थांबवलं नाही. शेषगिरींनी बाटली हातात घेऊन चिठ्ठी वाचली. तीन दाढा. निरोगी. मालक हयात.

मग त्यांनी बाटली जागेवर ठेवली, चिठ्ठी समोर येईल अशी.