काचेच्या टाकीतली ओळखपरेड

मी खडकातला किडा बोलतोय. बोटाएवढा लांब, गुलाबी, दोन्ही अंगांना पांढरे काटेरी केस. दिसायला मी ओंगळ आहे हे दहादा ऐकवून झालंय, तेव्हा तुम्ही नव्याने नाक मुरडू नका.

माझा जन्म समुद्रातल्या एका खडकाच्या भोकात झाला. तो खडक कुणीतरी उपटला, दुकानात विकला आणि एका दातांच्या डॉक्टरांनी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेला ठेवला. मला कुणी विचारलं नाही. तरी म्हणायचं काय, तर किडा चोरून आला.

डॉक्टरांना टाकीचं भारी कौतुक. घरी कोणी आलं की चिमूटभर खाणं पाण्यात टाकायचं, टाकीतला एकुलता नारिंगी मासा वर आला की पाहुण्यांनी वाहवा करायची. दुसरा पाहुणा आला की पुन्हा तेच. माशाचं पोट केवढं, हे बघायला कुणाला सवड होती? उरलेलं तळाशी कुजायचं आणि ते मी निस्तरायचो, मुकाट्याने, वाळूत तोंड घालून.

गेल्या रविवारी तर घर भरलेलं. चिमटीची मूठ झाली. एवढं माझ्याने संपेना. पाणी नासलं आणि सकाळी नारिंगी मासा तळाला मरून पडला. मेलेलं खाणं हेच माझं काम, म्हणून मी गेलो. तेवढ्यात डॉक्टरांनी टाकीचा दिवा लावला.

"यानेच खाल्लं त्याला," ते बायकोला म्हणाले.

त्यांनी माझा फोटो दुकानदाराला पाठवला. फोटोत माझं धड शेपूटही आलं नव्हतं, पण दुकानदार फोनवर छातीठोकपणे म्हणाला, "डेंजर आहे तो. काढून टाका, आणि दुसरा मासा घेऊन जा." झालं. दवाखान्यातला चिमटा आला आणि किडक्या दाढेसारखं मला भोकातून ओढलं. चिमट्यातून सोडवताना माझे चार केस डॉक्टरांच्या बोटात रुतले. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता मी टेबलावर एका पेल्यात आहे. डॉक्टरांची बायको भिंग लावून मोबाइलवरच्या चित्रांशी मला ताडून बघतेय. या घरात मला नीट बघणारी तीच पहिली.

"अहो, हा मारणारा नाहीच. उरलंसुरलं आणि मेलेलं खातो. टाकी साफ ठेवतो, असं लिहिलंय."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "हो गं, चित्रातला तोच आहे हा."

"मग सोडते परत."

"नको. पाहुण्यांसमोर बाहेर आला तर कसं दिसेल?"

तिने भिंग पुसून खणात ठेवलं. पेला उचलून डॉक्टर बेसिनकडे निघालेत.

डॉक्टर, संताप येतो तो याचा. न ओळखता मारलं असतंत, तर मी म्हटलं असतं, चुकले बिचारे. माझी ओळख पटली, माझा गुन्हा नाही हेही पटलं, आणि तरी तुम्ही नळ सोडलात. निदान नव्या माशाला तरी पोटापुरतंच घाला. त्याच्यामागून आवरायला आता टाकीत कोणी नाही.